चोविसावं नाव

बुधवारी सकाळी साडेनऊला संजीवनीने लॅपटॉप उघडला, तर नाशिकच्या डॉक्टरांचा मेल येऊन पडला होता. चारच ओळी. त्वचेचे डॉक्टर होते. त्यांच्या पेशंटांच्या वेळा ठरवायच्या, आदल्या दिवशी फोन करून आठवण द्यायची, कुणी येत नसेल तर त्या जागी दुसऱ्याला बसवायचं, हे काम संजीवनी गेलं दीड वर्ष डोळखांबजवळच्या आपल्या पाड्यातून करत होती. आता दवाखान्याने नवी यंत्रणा घेतली होती. ती आपली आपण फोन उचलते, आपली आपण वेळ देते. ‘तुमच्या कामाबद्दल आमची काहीच तक्रार नाही,’ असं शेवटी लिहिलं होतं. तीच ओळ तिला सगळ्यात जास्त लागली. तक्रार असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

तिने मेल तीनदा वाचला. मग उठून पडवीत गेली, मडक्यातलं पाणी प्यायली, परत येऊन बसली, पुन्हा उठली. पडवीत तिची सासू बाईजा वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

“काय गो, विंचू चावला का काय? सकाळपासना चार येळा बाहेर आलंस.”

“काय नाय, आई.”

“काय नाय तं बस ना एका जाग्याव.”

पण बसवत नव्हतंच. आणि ते काही आजचं नव्हतं. शहापूरच्या पतपेढीतली नोकरी सोडून तिने हे लांबून कामं करायचं सुरू केलं, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात त्याला. मनस्वीच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायची वेळ आली तेव्हा बाईंनी ‘घरकाम’ लिहून टाकलं होतं, आणि संजीवनीने ते खोडायला लावलं नव्हतं. खोडून काय लिहायचं, हे एका शब्दात सांगता आलं नसतं. पतपेढीत डबा खाताना चार बायका असायच्या. साहेब ओरडला तर त्याची नक्कल करायला कुणीतरी असायचं. इथे एखादं अवघड काम छान जमलं तर ते भिंतीला सांगायचं, आणि बिघडलं तरी भिंतीलाच. डॉक्टर गेल्यावर आता दोनच कामं उरली होती. पुण्याच्या एका माणसाचं कापडी पिशव्यांचं दुकान, तिथल्या गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची. आणि डोंबिवलीच्या नेरुरकर मॅडम, त्या ज्येष्ठ नागरिकांच्या एक दिवसाच्या सहली काढायच्या. सहलीची यादी, कुणाला कुठली सीट, कुणाच्या गोळ्या किती वाजता, असं सगळं संजीवनीकडे.

त्यात भर रविनाची. दोन वर्षांपूर्वी शहापूरला एका संस्थेने पाच दिवसांचं शिबिर घेतलं होतं. अकरा बायका शिकल्या, त्यातल्या दोघीच टिकल्या. एक ही आणि दुसरी मुरबाडची रविना. सणावाराला दोघी एकमेकींना शुभेच्छा पाठवायच्या, एवढाच संबंध. पण रविनाचं व्हॉट्सअॅपवरचं स्टेटस रोज सकाळी नऊला पडायचं. लॅपटॉप, शेजारी कॉफीचा मग, आणि खाली ‘नवीन क्लायंट!’ नाहीतर ‘आज तीन मीटिंग, श्वास घ्यायला टाइम नाय!’ संजीवनी कामाला बसण्याआधी ते बघायची आणि बघितल्यावर कामात तिचं मन लागायचं नाही. बघायचं नाही असं ठरवूनही बघायचीच.

त्या संध्याकाळी तिचा नवरा आदेश वाशिंदच्या कंपनीतून आला तो एक फॉर्म घेऊन. त्यांच्या ऑफिसात माल आत-बाहेर जातो त्याच्या नोंदी करायला बाई हवी होती. दहा तारखेपर्यंत येऊन भेटायचं होतं.

“मी म्हणत नाय की करच,” तो हातपाय धुता धुता म्हणाला. “पन तिथं मानसं हायेत. बोलायला, भांडायला. हल्ली तुझ्या चेहऱ्याकडं बघवत नाय संजू.”

तिने फॉर्म घडी करून लॅपटॉपखाली ठेवला. 

गुरुवारी ती बँकेत जाते सांगून शहापूरला निघाली. बँकेत काहीच काम नव्हतं. घरात भिंती अंगावर येत होत्या, एवढंच. शहापूरच्या स्टँडवर मुरबाडची गाडी लागलेली दिसली आणि ती चढून बसली. तिकीट काढल्यावर तिला कळलं की आपण रविनाकडे चाललोय. ती एवढी पुढे गेली ती कशी, तिला एकटीला कसं जमतं, हे एकदा समोर बसून विचारायचं होतं. अर्ध्या वाटेत तिने फोन केला.

“आज?” रविनाचा आवाज चपापला. “ताई, आज माझ्या मीटिंगा हायेत गो…”

“दोन मिन्टं बसेन. तुमची पिठाची गिरणी बाजाराच्या मागं ना?”

पलीकडून फोन कटला.

गिरणी सापडायला वेळ लागला नाही, आवाजावरूनच कळली. आत डोक्याला फडकं बांधलेली, भुवयांपर्यंत पांढरी झालेली एक मुलगी तांदळाचा डबा वजनकाट्यावर चढवत होती. संजीवनीने तिला ओळखलंच नाही. त्या मुलीने मात्र हिला ओळखलं, आणि तिने हात कपड्याला पुसले, पुसत राहिली.

“लॅपटॉप कुठाय?” संजीवनीच्या तोंडून तेवढंच निघालं.

रविनाने खुंटीकडे बोट केलं. पीठ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बॅग लटकत होती. “दिवाळीपासना काम नाय, ताई. एक पन नाय.”

“आणि ते स्टेटस? काल तीन मीटिंग होत्या तुझ्या!”

“फोटू जुना हाय.” रविना खाली बघत म्हणाली. “दादाला कळला ना, की काम नाय, तर उद्यापासना मी पूर्ण दिवस इथंच. स्टेटस बघतो म्हनून अर्धा दिवस तरी सोडतो. आणि खरा सांगू? लिवला की मलाच बरा वाटायचा. तू रोज नऊला बघायचीस, तुझं नाव दिसायचा. वाटायचा, कोनीतरी हाय.”

संजीवनीला दया यायला हवी होती. आला तो संताप. “मी रोज सकाळी तुझं वाचून रडकुंडीला यायचे! मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि तू इथं…”  रविनाने शेजारच्या टपरीवरून चहा सांगितला होता, तो येण्याआधीच संजीवनी बाहेर पडली.

परतीच्या गाडीत ती रागाने नुसती फणफणत होती, तेवढ्यात नेरुरकर मॅडमचा फोन आला. “संजीवनी, रविवारच्या माळशेजच्या सहलीला एक नाव वाढलंय. वाल्मिक भोईर, वय सत्त्याहत्तर, शुगर आहे. त्यांची मुलगी आपल्या ओळखीची. यादीत घाला आणि उद्या साईनाथला पक्की यादी पाठवा. मला जरा ताप आहे, मी या वेळी जाणार नाही.” साईनाथ म्हणजे गाडीबरोबर जाणारा त्यांचा माणूस.

“हो मॅडम, आत्ताच घालते.” तिने मोबाईलवरच यादी उघडली, चोविसावं नाव टाइप केलं. गाडीला हिसका बसला, रेंज गेली. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर बघत पुन्हा रविनावर चिडत बसली. ते नाव जतन झालंच नव्हतं. शुक्रवारी तिने यादी साईनाथला पाठवली ती तेवीस नावांची. एरवी ती यादी दोनदा वाचायची. त्या दिवशी एकदाही वाचली नाही.

रविवारी साडेअकराला तिच्या फोनवर एका बाईचा फोन आला. “मी वाल्मिक भोईरांची मुलगी. बाबा फोन उचलत नाहीयेत. बारा वाजता त्यांची गोळी असते आणि वर जेवायचंच असतं. जरा गाडीबरोबरच्या माणसाला आठवण करून द्यायला सांगाल?”

“सांगते ना,” म्हणत तिने यादी उघडली. वरून खाली नजर टाकली, खालून वर टाकली. भोईर नाव नव्हतं. 

साईनाथला लावलेला फोन दुसऱ्यांदा लागला. “भोईर? असा कोन नाय यादीत. तेवीस नावं, डोंबिवलीला तेवीसला टिक केली. मुरबाडला चहाला उतरवली, परत चढल्यावर डोकी मोजली. तेवीस.”

“बघा हो कुणी जास्तीचं आहे का. म्हातारे गृहस्थ.”

मागच्या बाजूला गलका ऐकू आला, मग साईनाथचा बदललेला आवाज. “ताई, मागच्या सीटवर पिशवी हाय. आतमधी फोन वाजतोय. मानूस नाय.”

सगळं एका क्षणात उमगलं. साईनाथ पाण्याचे बॉक्स चढवत असताना मुलीने वडलांना मागच्या सीटवर बसवून दिलं असणार. यादीत नाव नाही, म्हणून कुणी टिक केलं नाही. मुरबाडला ते खाली उतरले, आणि तेवीस डोकी पुरी झाल्यावर गाडी त्यांच्याशिवाय सुटली. आता ती माळशेजच्या वाटेवर टोकावड्याला पोचली होती. गोळ्या गाडीत, फोन गाडीत, आणि शुगर असलेला माणूस मुरबाडात कुठेतरी रिकाम्या पोटी.

संजीवनी घरामागच्या टेपाडावर धावली, तिथे रेंज पक्की असायची. इथून मुरबाडला पोचायला तिला दोन तास तरी लागले असते. तिने रविनाचा नंबर शोधला आणि लावला. गुरुवारनंतर दोघी बोलल्या नव्हत्या. उचलणार नाही, असं तिला वाटलं. दुसऱ्याच रिंगला उचलला.

“रविना, एक माणूस हरवलाय. तुमच्याकडं. चहाच्या थांब्यावर.”

“कंच्या थांब्याव?” एवढंच रविनाने विचारलं. मग गिरणीचा आवाज घरघरत बंद पडला, आणि कुणीतरी ‘अगो, माझा दळान!’ म्हणून ओरडलेलं ऐकू आलं. “बोल. मी चाललंय. दिसायला कसे?”

दिसायला कसे ते संजीवनीला ठाऊक नव्हतं. ते विचारायचं तर मुलीला फोन करावा लागणार होता, आणि फोन केला की खरं सांगावं लागणार होतं. टेपाडावर ती दोन चकरा मारून थांबली. मग तिने लावला.

“भोईर बाबा मुरबाडला मागं राहिलेत. यादीत त्यांचं नाव टाकायचं माझ्याकडून राहून गेलं, चूक माझी आहे. माझी मैत्रीण तिथंच आहे, शोधायला निघालीय. त्यांच्या अंगावर काय होतं ते सांगा.”

 ती शिव्या देईल म्हणून संजीवनीने डोळे मिटून घेतले. “निळा स्वेटर,” मुलगी कशीबशी म्हणाली. “पांढरी टोपी. अहो, ऐकायला कमी येतं त्यांना… थांबा, मुरबाड म्हणालात ना? बाबा एसटीत कंडक्टर होते. एकवीस वर्षं मुरबाड डेपोला. आज सकाळपासून तेच चाललं होतं त्यांचं, गाडी मुरबाडवरून जाणार म्हणून.”

संजीवनीने पुढचं ऐकलंच नाही, तो फोन ठेवून पुन्हा रविनाला लावला. “रविना! टपरीवर नको शोधू. स्टँडवर जा, एसटी स्टँडवर!”

फोन तसाच चालू होता. रविनाच्या चपलांचा आवाज, रिक्षांचे हॉर्न, मग स्टँडवरचा कालवा. संजीवनी कान फोनला चिकटवून उभी होती, कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं बाई दगडाची आहे. गेल्या कित्येक महिन्यांत ती एवढा वेळ एका जागी स्थिर उभी राहिली नव्हती.

“ताई.” रविना धापा टाकत होती. “निळा सेटर हाय. चौकशीच्या खिडकीजवल बाकड्याव बसलेत. एका आजीला म्हसा गावाची गाडी कुठं लागतं ते सांगतायत.”

“दे त्यांना फोन. मोठ्यानं बोलायला लागेल.”

खरखर झाली, आणि एक घोगरा, ठाम आवाज आला. “बाय, कोन बोलतंय? मी नाय हरवलो. गाडी हरवलीय. मी आपला माझ्या जाग्याव हाय.”

 संजीवनीला हसू आणि रडू एकदमच आलं.

साईनाथने टोकावड्याहून मुरबाडला परत जाणाऱ्या एका जीपवाल्याकडे ती पिशवी पाठवली. रविनाने म्हाताऱ्याला आपल्या घरी नेलं, आईला ताट वाढायला लावलं, गोळी वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा का होईना, दिली. घाटात नेऊन सोडू का विचारलं तर ते म्हणाले, घाट मी हजार येळा बघितलाय, तुमी मला डेपो दाखवा. संध्याकाळी गाडी परत येईपर्यंत ते स्टँडवर त्यांच्या वेळच्या एका ड्रायव्हरच्या मुलाशी गप्पा मारत बसले होते.

नेरुरकर मॅडमना मात्र संजीवनीने दुपारीच फोन करून सगळं सांगितलं. रेंज गेली होती हेही सांगता आलं असतं, पण शुक्रवारी यादी वाचली नाही, हे खरं कारण होतं, म्हणून तेच सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “मी नंतर बोलते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन नाही, मेल नाही. पुण्याच्या पिशवीवाल्याचं काम ती एकेक वाक्य लिहून पाच पाच मिनिटं उठून करत होती. मंगळवारी दुपारी तिने आदेशने आणलेला फॉर्म बाहेर काढला आणि पेन घेऊन पडवीत बसली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. बाईजा बघत होती.

“ता काय?”

“वाशिंदच्या नोकरीचा फॉर्म. हे काम बंद होणार असं दिसतंय, आई.”

बाईजाने सुपातलं निवडणं थांबवलं. “कसा बंद होईल? मी तं सगल्यांना सांगून ठेवलंय.”

“काय सांगितलंय?”

“हेच. दाराचा पडदा खाली असला की सून कामाव हाय, दुपारची कोनी हाक मारायला येऊ नका. भिमीला दोनदा परत धाडली. कोंडूच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगितला, गानी लावून इथून जायचा नाय. दोन वर्सं सांगतंय.” ती पुन्हा सुपाकडे वळली. “तुला नोकरी करायची तं कर. पन बंद होतंय म्हनून नको करू. करायची म्हनून कर.”

दुपारी पाड्यात इतकी शांतता कशी असते, हा प्रश्न संजीवनीला दोन वर्षांत कधी पडला नव्हता. ती फॉर्म हातात घेऊन नुसती सासूकडे बघत राहिली. मग तिनेही सुपातले खडे वेचायला घेतले.

बुधवारी अकराला मॅडमचा फोन आला.

“मी रागावले होते, अजूनही आहे,” त्या सरळच म्हणाल्या. “त्या बाबांना काही झालं असतं तर? पण तुम्ही लपवलं नाहीत. भोईरांच्या मुलीनेही तेच सांगितलं. मी विचार केला. चोवीस म्हातारी माणसं एकाच्या नजरेवर सोडायची, ही माझीही चूक. यापुढे यादी दोघांनी वाचायची. तुमच्याबरोबर ती मुरबाडची मुलगी होती, ती कोण?”

“रविना,” संजीवनी म्हणाली. आणि क्षणभरही न थांबता म्हणाली, “आम्ही दोघी मिळून काम करतो.”

फोन ठेवला. लगेच तिने मुरबाडला लावला.

“रविना, मी आत्ता एक खोटं बोलले.”

काय ते ऐकून रविना एवढी हसली, की मागे गिरणीवाल्या दादाचा आवाज आला, काय झाला म्हणून. दादा रविवारी भडकलाच होता, दळण सोडून गेली म्हणून. पण म्हातारा त्याच्याच घरी जेवून त्याच्याच पाठीवर हात ठेवून गेला होता, ‘तुझ्या बहिणीनी मला शोधला,’ असं म्हणून. त्यानंतर त्याचा आवाज जरा खाली आला होता.

“पन माझी एक अट हाय,” रविना म्हणाली.

“तुझी? माझी अट आहे. ते स्टेटस बंद.”

“तीच तं माझी पन हाय. बंद करतं. पन मग नऊला तू मला फोन करायचा. रोज. काम असो नायतं नसो.”

दहा तारखेला संजीवनी वाशिंदला गेली नाही. आदेशने रात्री जेवताना एकदाच विचारलं, तिने नाही अशी मान हलवली, आणि त्याने आणखी भात वाढून घेतला. त्याला आतून काय वाटलं ते तिने विचारलं नाही. ती जागा आठवड्याने भरली, असं नंतर त्यानेच सांगितलं.

नऊचा फोन सुरू झाला. दोघी कानात वायर घालून आपापलं काम करत बसतात, बोलणं फारसं नसतं. पलीकडून गिरणीची घरघर येते. मध्येच रविना विचारते, ‘कळविण्यात’ दीर्घ का ऱ्हस्व, आणि मध्येच संजीवनी सांगते की पिशवीवाल्याच्या गिऱ्हाइकाने आज काय अकलेचे तारे तोडले. मॅडमच्या कामातला वाटा रविनाकडे गेला, त्याने दोघींचं पुरं पडत नव्हतं. डॉक्टरांची जागा अजून रिकामीच होती. दोघींनी मिळून एकोणीस जणांना मेल पाठवले. सतरा जणांनी उत्तरच दिलं नाही. अठराव्याने ‘यंत्रणा घेतली आहे’ असं कळवलं. त्या दिवशी संजीवनीचं पुन्हा डोकं फिरलं, ती अर्धा तास पडवीत येरझारा घालत होती, आणि रविना कानात काही न बोलता तशीच थांबून होती.

एकोणिसावा आटगावचा. रोपवाटिका आहे त्याची, फार्महाऊसवाल्यांना झाडं पुरवतो. ऑर्डरींचा सगळा गोंधळ व्हॉट्सअॅपवर पडलेला, कुणाला आंबा हवा होता आणि कुणाला सोनचाफा, त्याचा त्यालाच पत्ता नाही. शुक्रवारी त्याने दोघींना एकत्र फोनवर घेतलं. रविनाने आधीच लिहून काढलेलं घडाघडा सांगितलं, कुठेही अडखळली नाही. संजीवनीला तिचा अभिमान वाटला आणि थोडा हेवाही.

“ते सगला ठीक हाय,” रोपवाटिकावाला म्हणाला. “पन तुमचा ऑफिस कुठं?”

“डोळखांब,” संजीवनी म्हणाली.

“मुरबाड,” रविना त्याच वेळी म्हणाली.

 दोघींनीही जीभ चावली.

“म्हंजे दोन ब्रँच का?” तो म्हणाला. “बरा. सोमवारी कंची येईल ती येऊ द्या, माझं आंब्याचं गिऱ्हाईक पहिला शोधून द्या, मग बघू.”